तळटीप : मोफत औषधे आणि नागपूर

एड्सवरील मोफत औषधांचे श्रेय तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांना दिले जाते. ते त्यांना द्यायलाच हवे. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की हिशेब बदलतो. देशात पहिली लागण १९८६ साली आढळली, ‘नॅको’ ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली, स्वराज यांची मोफत औषधांची घोषणा ३० नोव्हेंबर २००३ ची. प्रत्यक्ष वाटप १ एप्रिल २००४ पासून मोजक्या आठ संस्थांत सुरू झाले. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते, नागपूरचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालय नव्हते. जन्मभर, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या गोळ्यांसाठी विदर्भातल्या रुग्णापुढे आठशेहून अधिक किलोमीटरचा रेल्वेप्रवास होता, तोही अंगात त्राण नसताना.

औषधेच महाग होती, सरकार काय करणार, हा आक्षेप २००१ पूर्वीच्या काळापुरता मान्य करता येईल. त्या वर्षी मुंबईच्याच सिप्लाने आफ्रिकेतील रुग्णांसाठी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता. म्हणजे औषध आपल्याच राज्यातल्या कंपनीकडे होते, सरकारचा निर्णय तेवढा नव्हता. मर्यादित पैसा आधी प्रतिबंधावर खर्च व्हावा, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. तरीही उपचाराची आशाच नसेल, तर बदनामी पत्करून तपासणीला कोण येणार? आणि तपासणीवाचून प्रतिबंध तरी कसा साधणार? ही दिरंगाई एका पक्षाची नाही. १९८६ ते २००४ या काळात दिल्लीत जवळपास सगळ्याच प्रमुख पक्षांनी सत्ता भोगली.