'शुद्ध' जावा आणि खालचं सी

मागच्या आठवड्यात हापिसात छोटंसं युद्ध झालं. हजारो कनेक्शन्स सांभाळणारा एक सर्व्हर लिहायचाय. एक जण म्हणाला, नेटवर्किंगला सी मधली लायब्ररी जोडू, वेग मिळेल. दुसरा म्हणाला, काही गरज नाही, सगळं शुद्ध जावातच हवं. मी मुकाट्याने चहा प्यायलो आणि शनिवारी जुना इतिहास उकरत बसलो. कारण हे भांडण आमच्या हापिसापेक्षा बरंच जुनं आहे.

जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जेडीके १.० आणलं. एकदा लिहा, कुठेही चालवा! पाठोपाठ 'शंभर टक्के शुद्ध जावा' ही मोहीमही आली. पण सॉकेटमध्ये एक मेख होती. रीड म्हटलं की डेटा येईपर्यंत थ्रेड तिथेच ताटकळणार. म्हणजे दर कनेक्शनला एक थ्रेड, आणि दर थ्रेडला स्वतःचा स्टॅक. शंभर गिऱ्हाइकं असतील तर ठीक. दहा हजार आली की? डॅन केगेलने १९९९ मध्ये याच प्रश्नाला 'सी१०के' असं नाव दिलं. सी वाल्यांकडे सिलेक्ट आणि पोल होतं, एकच थ्रेड शेकडो सॉकेट्सवर नजर ठेवू शकायचा. जावावाल्यांकडे काहीच नाही.

मग बर्कलीच्या मॅट वेल्शने सरळ जेएनआय वापरून एनबीआयओ नावाची लायब्ररी लिहिली. २००१ मधलं त्याचं सेडा हे संशोधन तिच्यावरच उभं होतं. थोडक्यात, जावात मोठा सर्व्हर चालतो हे दाखवायला आधी सी चा टेकू घ्यावा लागला!

फेब्रुवारी २००२ मध्ये जेडीके १.४ बरोबर एनआयओ आलं, सिलेक्टर आला. शुद्धतावादी जिंकले? छे! टॉमकॅटने ५.५ च्या काळात एपीआर आणि ओपनएसएसएल वापरणारा नेटिव्ह कनेक्टर आणला. २०१४ मध्ये नेटीने लिनक्ससाठी स्वतःचा ईपोल ट्रान्सपोर्ट दिला. कारणं खरी होती: कमी कचरा, म्हणजे गार्बेज कलेक्टरला कमी काम, आणि लिनक्सच्या काही सोयी ज्या तेव्हा जेडीके देतच नव्हतं.

आणि मग एप्रिल २०१४... हार्टब्लीड! ओपनएसएसएलमध्ये लांबीची एक तपासणी राहून गेली होती. त्यामुळे कुणीही बाहेरून सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे पुन्हा पुन्हा वाचू शकत होता. त्या व्हर्जनचं ओपनएसएसएल जोडलेले जावा सर्व्हरही त्यात सापडले. जावाचंच टीएलएस वापरणारे मात्र वाचले. वेगासाठी सी घेतलं की सी चे भोगही पदरात येतात ते असे. जावात ॲरेच्या बाहेर हात गेला तर एक्सेप्शन येतं, पकडता येतं. सी मध्ये तसं झालं तर कधी गुपितं गळतात, कधी अख्खं जेव्हीएमच कोसळतं. मग हातात उरते ती फक्त एचएस-ईआरआर फाईल.

पण गंमत अशी की शुद्ध जावा तरी शुद्ध कुठे होती? जेडीके १.० पासूनच्या सॉकेटखाली जावा आणि सी ची खिचडीच होती. ती बदलली थेट २०१९ मध्ये, जेडीके १३ ला. एनआयओचा सिलेक्टरसुद्धा लिनक्सवर शेवटी सी मधूनच ईपोलला हाक मारतो. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जेडीके २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड आले, तेव्हा 'दर कनेक्शनला एक थ्रेड' हे १९९६ चं साधं रूप परत आलं, आता मात्र स्वस्तात. टॉमकॅटनेही १०.१ मध्ये, २०२२ साली, तो एपीआर कनेक्टर काढून टाकला. ओपनएसएसएलची सोय तेवढी ठेवली.

म्हणजे सी खाली असणारच आहे. खरा प्रश्न हा की ते कोणाच्या अंगावर आहे? जेडीकेच्या सी ची काळजी जेडीके लिहिणारे घेतात. आपण जोडलेल्या .एसओ फाईलचे पॅचेस, प्रत्येक प्लॅटफॉर्मचे बिल्ड आणि रात्री तीनचा फोन मात्र आपला.

सोमवारी मी एवढंच म्हणणार आहे: आधी शुद्ध जावात लिहू, मोजू. आकडे कमी पडले तरच नेटिव्ह, आणि ते कोण सांभाळणार त्याचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवू.

बघू, कोण हात वर करतंय ते!