१,४२,८५७

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. १ ला ७ ने भागल्यावर दशांशचिन्हापुढे सतत आवर्तणाऱ्या सहा अंकांची ही चक्रीय संख्या. तिची २, ३, ४, ५, ६ पट अनुक्रमे २,८५,७१४, ४,२८,५७१, ५,७१,४२८, ७,१४,२८५ आणि ८,५७,१४२. अंक तेच, क्रमही तोच, फक्त आरंभ बदलतो. सातपट मात्र ९,९९,९९९. या फेऱ्याचे कारण भागाकारातच आहे: बाक्या १, ३, २, ६, ४, ५ अशा येतात, म्हणजे ७ च्या शून्येतर सर्व बाक्या एकदा येऊन गेल्यावरच चक्र पुरे होते. मूळ अवयव ३³ × ११ × १३ × ३७, विभाजक ३२.

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतही ही मोडते. वर्ग २०,४०,८१,२२,४४९; त्याचे दोन भाग २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हा निव्वळ योगायोग नव्हे. संख्येतून १ वजा केल्यास ७ × २०४०८ उरतात, म्हणून वर्ग आणि मूळ संख्या यांतील फरक नेमका ९,९९,९९९ × २०४०८ येतो. इतकी स्वच्छ सिद्धता शाळेच्या फळ्यावरही मांडता येते, आणि मांडायलाच हवी. अंकांची बेरीज २७ असून तिने संख्येस पूर्ण भाग जातो (५२९१). म्हणजे कापरेकरांनीच मांडलेल्या हर्षद संख्यांमध्येही तिला स्थान आहे.