रणांगणाच्या निरोपापासून पदवीदानापर्यंत : एका धुनेचा प्रवास

१/ अमेरिकेत पदवीदान समारंभाच्या दिवशी झगे परिधान केलेले विद्यार्थी रांगेने प्रवेश करतात, तेव्हा एक संथ, भारदस्त धून वाजते. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मालिकेतील पहिल्या मार्चचा हा मधला भाग. ती रचली गेली, तेव्हा तिचा विद्यापीठाशी काहीही संबंध नव्हता.

२/ मालिकेचे नाव शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधून घेतलेले आहे. तिसऱ्या अंकात, पत्नीविषयीच्या संशयाने पोखरलेला ऑथेल्लो युद्धाच्या वैभवाचा निरोप घेतो. हे शब्द त्या भाषणातले. म्हणजे नाव रणवैभवाचे आणि प्रसंग मात्र सर्वस्व गमावल्याचा.

३/ १९ ऑक्टोबर १९०१ रोजी लिव्हरपूल येथे हा मार्च प्रथम सादर झाला. तीनच दिवसांनी लंडनमध्ये हेन्री वुड यांनी तो वाजवला. श्रोते उठून जल्लोष करू लागले आणि पुढचा कार्यक्रम सुरू होईना. अखेर तो एकूण तीनदा वाजवावा लागला.

४/ १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त एल्गार यांनी हीच सुरावट पुन्हा वापरली. ए. सी. बेन्सन यांच्या शब्दांसह ती ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ झाली. साम्राज्याच्या सीमा आणखी विस्ताराव्यात, अशी आकांक्षा त्या गीतात आहे. भारत त्या वेळी याच साम्राज्याच्या अमलाखाली होता.

५/ २८ जून १९०५. प्राध्यापक सॅम्युअल सॅनफर्ड यांच्या पुढाकाराने येल विद्यापीठाने एल्गार यांना संगीतातील मानद डॉक्टरेट दिली. समारंभ संपवून मिरवणूक बाहेर पडताना पाहुण्याच्या सन्मानार्थ हा मार्च वाजवण्यात आला.

६/ ते पाहुणे कोण? वूस्टरमधील एका पियानो जुळवणाऱ्या दुकानदाराचे पुत्र. त्यांचे शालेय शिक्षण पंधराव्या वर्षी संपले होते. विद्यार्थी म्हणून त्यांनी विद्यापीठाची पायरी कधीच चढली नव्हती.

७/ पुढे प्रिन्स्टनने १९०७ मध्ये आणि शिकागोने १९०८ मध्ये येलचे अनुकरण केले. हळूहळू प्रथा रूढ झाली. निर्गमनाची धून प्रवेशाची झाली.

८/ ब्रिटनमध्ये शब्द सुरांना चिकटून राहिले. तेथे आजही ते देशभक्तिगीत आहे आणि त्यातील साम्राज्याच्या उल्लेखावरून वाद झडतात. अमेरिकेने केवळ सूर घेतले, शब्द मागेच राहिले. म्हणूनच एकच धून एका देशात गतसाम्राज्याचे स्मरण ठरली, तर दुसऱ्या देशात तरुणांच्या नव्या आरंभाचे.