त्र्यंबक ते जर्मनी : परवाना कुणाला मिळतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचे, त्यांना जर्मन शिकवायचे, असे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून त्र्यंबकेश्वर-हरसूल पट्ट्यातली मुले आम्हाला विचारत आहेत : हे आपल्यासाठी आहे का? की इंजिनिअरिंगच्या जागा, आयटीतल्या नोकऱ्या आणि अमेरिकेचे व्हिसा ज्यांनी आधीच वाटून घेतले, त्यांच्यासाठीच हाही दरवाजा उघडला आहे?

या प्रश्नाचे उत्तर जर्मन दूतावासाच्या माहितीपत्रकात सापडत नाही, ते इतिहासात शोधावे लागते. आणि त्यासाठी त्र्यंबकहून चांगली जागा नाही.

बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा माणसाला पतित करणाऱ्या कर्मांमध्ये गणला आहे. पुढे तो कलिवर्ज्यांतही गेला. बंदी होती, पण बंदीवर तोडगाही होता : प्रायश्चित्त, गोदास्नान, दक्षिणा. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, तेव्हा जातवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून थोरल्या भावाने त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातले. गांधींनी आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. म्हणजे ब्रह्मगिरीवरून निघणारे हे पाणी एकेकाळी परदेशातून परतलेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारण्याचे काम करत होते! ज्यांच्याकडे दक्षिणा होती त्यांचा परदेश शुद्ध झाला. त्याच गोदेच्या काठी २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. तिथे मात्र कोणतेही स्नान आपल्याला शुद्ध करायला तयार नव्हते.

हा प्रदेश मुळात जगापासून तुटलेला होता, असेही नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सतरावे लेणे कोरवणारा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन होता. परका माणूस इथे आला, बुद्धाच्या संघाला दान देऊन गेला, आणि त्याचे नाव आजही भिंतीवर आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले : एका श्रेणीकडे २,००० महिना एक टक्का व्याजाने, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात तर पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे आजारी भिक्खूंच्या औषधासाठी पैसा ठेवल्याची नोंद आहे. विचार करा, राजघराणे आपला पैसा कुणाकडे ठेवत होते? कारागिरांकडे. हात चालवणाऱ्याची पत होती, कारण त्याच्यामागे संघटित श्रेणी उभी होती. ही पत पुढे कुणी काढून घेतली, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज त्र्यंबकात पिढीजात पुरोहिताकडे दाखवायला ताम्रपत्र आहे. गवंड्याकडे, वेल्डरकडे, बागेत छाटणी करणाऱ्या आदिवासी बाईकडे दाखवायला काय आहे?

हाच मुद्दा परदेशाच्या वाटेवर पुन्हा पुन्हा आडवा येतो. समुद्रबंदी द्विजांच्या पोथीत होती, म्हणून कष्टकरी घरी बसले नाहीत. १८३४ पासून पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांनाही कागद होता, पण तो त्यांना बांधून ठेवणारा. मळा सोडून रस्त्यावर दिसला आणि तिकीट जवळ नसले की भटक्या म्हणून अटक. बॅरिस्टरचाही कागद आणि मजुराचाही कागद. पहिल्याला त्याने जग उघडून दिले, दुसऱ्याला मळ्यात कोंडले.

बाबासाहेबांनी हा फरक फार लवकर ओळखला होता. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथे अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्राच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी प्राथमिक जर्मनही घेतले. ते शोभेसाठी घेतले नव्हते. १९२१ मध्ये लंडनमध्ये असताना त्यांनी बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये पत्र लिहिले आणि १९२२ मध्ये तिथे नावही नोंदवले. लंडनच्या कामामुळे ते शिक्षण पुढे गेले नाही. पण आज जो मुलगा 'आपल्याला जर्मन कुठे जमणार' म्हणतो, त्याने हे लक्षात ठेवावे की शंभर वर्षांपूर्वी महूच्या छावणीत जन्मलेल्या सुभेदाराच्या मुलाने ते जमवले होते.

तरीही आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो १९४२ चा दस्तऐवज. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर तीनच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशात वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये अशी मागणी होती. आपले लोक त्यातले पहिले दोन आकडे सांगतात आणि थांबतात. पुढची मागणी वाचा : सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या. पदवी आणि पाना, दोन्ही त्यांनी एकाच निवेदनात मागितले. त्याच काळात त्यांच्याच मजूर खात्याकडे बेव्हिन योजना होती. १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या कारखान्यातले काम शिकण्यासाठी ब्रिटनला जात होत्या. पदवीधर नव्हे, कारागीर सरकारी खर्चाने विलायतेला! आजच्या भाषेत त्याला कुशल कामगार व्हिसा म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर यातला पदवीचा भाग कसाबसा टिकला. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ मध्ये सुरू झाली. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना मिळते. दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. (त्याही वेळेवर मिळवायला आंदोलने करावी लागतात, तो वेगळा लेख.) पाना मात्र गळून पडला. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या फिटरला जर्मनीला जायचे असेल तर समाजकल्याण खात्याच्या परदेशी शिष्यवृत्तीत त्याच्यासाठी रकानाच नाही.

आता आजचे नियम पाहू, कारण फसवणूक तिथेच होते. जर्मनीचा कुशल स्थलांतर कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये सैल झाला. १ मार्च २०२४ पासून बऱ्याच व्यवसायांत, जर्मन समकक्षता न घेताही, मायदेशी सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव यांवर कामाचा व्हिसा मिळू शकतो. पगाराची किमान अट असते. नर्सिंगसारख्या व्यवसायांत मात्र समकक्षता लागतेच. १ जून २०२४ पासून ऑपॉर्च्युनिटी कार्ड आले : गुण मोजायचे, सहा भरले तर नोकरी शोधायला वर्षभर तिथे राहायचे.

वाचताना सोपे वाटते. आता हे आपल्या पोरांच्या कागदांवर लावून बघा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, ते बसतात. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे आहेत, ते तिथेच बाद. गावाकडच्या किती मुलांना प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगितले? 'एका वर्षात कमाईला लाग' म्हणून घरच्यांनी वेल्डर घ्यायला लावलेला मुलगा या दारातून कायमचा बाहेर राहतो. दुसरी अडचण अनुभवाची. अंबड-सातपूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे पाच वर्षे राबलेल्याकडे ना नेमणूकपत्र, ना पगारस्लिप, ना पीएफची नोंद. काम केले, पण कागदावर तो बेरोजगारच. तिसरी अडचण पैशाची. ऑपॉर्च्युनिटी कार्डासाठी नोकरीचा करार हातात नसेल तर महिन्याला हजार युरोंहून जास्त या हिशेबाने वर्षाचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये. द्राक्षबागेच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला हे दाखवा म्हणणे म्हणजे दक्षिणा मागण्यासारखेच आहे.

म्हणून आम्ही म्हणतो की हा व्हिसा आपल्यासाठी आहे, पण तो कौशल्यावर मिळत नाही. तो भाषा, प्रमाणपत्र आणि नोंदीवर मिळतो, आणि या तिन्ही गोष्टी सार्वजनिक पैशातून देता येतात. केरळने ओडेपेक ही परदेशी नोकरभरतीची सरकारी कंपनी १९७७ मध्येच काढली. २०२१ मध्ये त्याच राज्याच्या नोर्काने नर्सेससाठी जर्मनीशी थेट करार केला. नर्सच्या घरच्यांनी जमीन विकून एजंटला पैसे द्यावेत, यापेक्षा सरकारने तिला जर्मन शिकवावे, एवढा साधा तो विचार आहे. आपल्याकडे बार्टी आहे, टीआरटीआय आहे, महात्मा फुले महामंडळ आहे, अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनेचा निधी आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकच्या रस्त्यांवर आणि घाटांवर पैसा ओतला जात असताना या तालुक्यात जर्मन भाषेचा एक निवासी वर्ग काढायला निधी नाही, असे कुणी सांगितले तर त्याला शिलकीचा आकडा मागा.

काही साथी म्हणतील, पोरे बाहेर गेली तर चळवळ कोण करणार? ज्या बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याला अज्ञान आणि संकुचितपणाचे डबके म्हटले, त्यांच्या नावाने पोरांना खेड्यात बांधून ठेवू नये. ब्रिटनच्या ओतकाम कारखान्यांत राबायला गेलेल्या पंजाबी दलितांनी वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये आंबेडकरी संस्था उभ्या केल्याच. जातही विमानात बसून सोबत जाते, हे खरे. म्हणून तर २०२३ मध्ये सिएटल शहराला जातीवर आधारित भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. पण तो कायदा झाला, कारण तिथे आपली माणसे होती.

येत्या प्रवेशाच्या हंगामात प्रत्येक शाखेने दहावी झालेल्या मुला-मुलींबरोबर आयटीआयचा फॉर्म भरायला बसावे आणि ट्रेडच्या कालावधीचा रकाना आधी वाचून दाखवावा. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी पीएफचा यूएएन क्रमांक आणि अनुभवाचे पत्र आत्ताच मागावे, काम सुटल्यावर कुणी देत नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद येते आणि आखातासह १८ देशांत कामाला जाण्यासाठी त्याला सरकारी परवानगी लागते. ती टाळून व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. कुणी लाखांत आकडा सांगितला, तर पावती मागा आणि ती घेऊन आमच्याकडे या.

जय भीम.