दोष कर्त्याचा की प्रसंगाचा?

जुलै 1969 मध्ये अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी यांची मोटार चॅपाक्विडिक बेटावरच्या पुलावरून पाण्यात कोसळली आणि सोबतची तरुणी दगावली. केनेडींनी पोलिसांना कळवले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. 25 जुलैला दूरचित्रवाणीवरून ते मॅसॅच्युसेट्सच्या जनतेशी बोलले. दिवे नसलेला रस्ता, कठडे नसलेला अरुंद पूल, पाण्याची जोरदार ओढ. वर्णन असे की ऐकणाऱ्याला माणसापेक्षा ती रात्रच दोषी वाटावी. कळवायला झालेला उशीर असमर्थनीय आहे, हे त्यांनी मान्य केलेच. पण भाषण संपता संपता, आपण पदावर राहावे की नाही, हा प्रश्न त्यांनी लोकांपुढे ठेवला. आता कर्ते झाले मतदार. पुढच्याच वर्षी डेव्हिड लिंग या अभ्यासकाने ही अदलाबदल उलगडून दाखवली.

लिंग यांनी वापरलेली हत्यारे केनेथ बर्क (1897–1993) यांची. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडलेला हा माणूस विसाव्या शतकातल्या वक्तृत्वमीमांसेचा एक प्रमुख आधार ठरला. ‘अ ग्रामर ऑफ मोटिव्ह्ज’ (1945) या ग्रंथात त्यांनी पाच प्रश्न मांडले: काय घडले, कुठे व केव्हा, कोणी केले, कशाच्या साहाय्याने, आणि कशासाठी? बातमीदारालाही हे प्रश्न ठाऊक असतात. बर्क यांची खरी भर वेगळी आहे. बोलणारा या पाचांपैकी कशाला वरचढ ठरवतो आणि त्याच्या जोरावर बाकीच्यांना कसे वळवतो, हे ते पाहायला लावतात. कृती हा एक घटक, प्रसंग, म्हणजे स्थळ-काळ, हा दुसरा. त्यांच्यातल्या नात्यावरूनच जबाबदारी कोणाची ते ठरते.

कृती, कर्ता, प्रसंग ही नाटकाची भाषा आहे, पण ‘जग ही रंगभूमी’ या जुन्या रूपकाशी बर्क यांच्या सिद्धांताची गल्लत करू नये. दगड गडगडतो, माणूस कृती करतो; आणि कृतीबद्दल बोलायचे तर नाट्याचीच परिभाषा लागते, असे बर्क बजावून सांगत. ते याला उपमा मानत नसत. हा दावा सर्वांना पटलेला नाही. मलाही तो जरा ताणलेला वाटतो, पण त्यातून हाती आलेली पद्धत मात्र खणखणीत आहे. आपल्याकडच्या वाचकाला इथे भरतमुनी आठवतील. आठवू देत, पण भरताचा प्रश्न रसनिष्पत्तीचा आहे, बर्क यांचा हेतूंच्या आरोपणाचा.

1950 च्या ‘अ रेटरिक ऑफ मोटिव्ह्ज’मध्ये त्यांनी मन वळवण्याच्या जुन्या संकल्पनेशेजारी तादात्म्याची संकल्पना आणून बसवली: वक्ता ‘मी तुमच्यातलाच’ हे आधी पटवतो, मुद्दा नंतर. याच तादात्म्याला बळीचा बकरा लागतो तेव्हा काय होते, हे त्यांनी हिटलरच्या आत्मचरित्रावरील 1939 च्या निबंधात दाखवले होते, महायुद्धाच्या उंबरठ्यावर.

नव्या वाचकाने ‘ग्रामर’पासून सुरुवात करू नये, तो ग्रंथ विस्कळीत आहे आणि वाचकाची दमछाक करतो. आधी हिटलरवरचा निबंध वाचावा, मग एखादे ताजे राजकीय भाषण घेऊन त्याला हे पाच प्रश्न विचारावेत.