पुणे : विद्यासंस्थांच्या वास्तू, नवे बांधकाम व जीर्णोद्धार

पुणे शहराची वाढ आणि तेथील शिक्षणसंस्थांची वाढ एकोणिसाव्या शतकापासून हातात हात घालून झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, राजधानीपण गेले आणि गावात मोठाले वाडे धन्यावाचून उरले. नव्या शाळा-महाविद्यालयांनी आधी हे वाडे वापरले. मग ती नदीपलीकडे आणि टेकड्यांच्या पायथ्याशी गेली, आणि त्यांच्यामागे वस्तीही तिकडे सरकली. ‘विद्येचे माहेरघर’ या बिरुदामागे बांधकामाचा हा इतिहास आहे. त्यात दगडी इमारतींची निगा राखली गेली, पण विद्यार्थी जिथे राहिले ती घरे बहुतेक नाहीशी झाली.

या इतिहासाची सुरुवात सदाशिव पेठेतील विश्रामबागवाड्यात होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये इंग्रजांनी हिंदू पाठशाळा उघडली. तिच्या खर्चासाठी पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतला पैसा वळवण्यात आला. १८५१ मध्ये ही पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले आणि तेही याच वाड्यात भरत राहिले. मे १८७९ मधील आगीत वाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. त्याच आगीत बुधवार वाडा तर पूर्ण खाक झाला. विश्रामबागवाड्याचा जळालेला दर्शनी भाग लोकवर्गणी व नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभारला गेला; पुण्यातील सार्वजनिक जीर्णोद्धाराचे हे एक आरंभीचे उदाहरण मानता येईल. पुढे वाडा पालिकेकडे आला, त्यात कचेऱ्या भरल्या, आणि अलीकडे टप्प्याटप्प्याने त्याची दुरुस्ती झाली. सुरूच्या खांबांचा, कोरीव सज्जाचा हा वाडा आज उभा आहे तो मुख्यतः कधी रिकामा राहिला नाही म्हणून. शाळा, कॉलेज, कचेरी असे कोणी ना कोणी आत होते, आणि छप्पर गळले की तक्रार करणारा माणूस जागेवर होता.

पूना कॉलेज वाड्यातून बाहेर पडले ते थेट येरवड्याकडे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या कुटुंबाच्या देणगीच्या आधाराने तेथे नवी इमारत उभी राहिली, १८६४ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. तेव्हापासून त्याचे नाव डेक्कन कॉलेज. काळ्या बेसाल्टमधील या गॉथिक इमारतीचे आराखडे लष्करी इंजिनिअर विल्किन्स यांचे. फ्रिअर यांच्याच कारकिर्दीत मुळा-मुठेच्या संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजची इमारत सुरू झाली. हे कॉलेज १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ म्हणून निघाले होते, आणि सरकारी बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे पुण्यात कॉलेजे बांधली जात होती आणि बांधणारेही कॉलेजात घडत होते. गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउस (१८६४–७१) याच लाटेतले. कापसाच्या तेजीच्या दिवसांत काढलेल्या या कामाच्या खर्चावरून फ्रिअर यांच्यावर बरीच टीका झाली. २२ जून १८९७ च्या रात्री येथला समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर.

सरकारी संस्थांना जमीन व पैसा सरकारकडून मिळे. खाजगी संस्थांना मात्र वाड्यातच बस्तान मांडावे लागे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १८८० मध्ये काढलेले न्यू इंग्लिश स्कूल वाड्यातच सुरू झाले. १८८५ मध्ये निघालेले फर्ग्युसन कॉलेजही आरंभी गद्रे वाड्यात भरले. ज्यांचे नाव कॉलेजला दिले त्या सर जेम्स फर्ग्युसन यांची देणगी १,२०० रुपयांची होती. एवढ्या रकमेत इमारत उभी राहत नाही, पण संस्थानिकांची व धनिकांची दारे उघडण्यास ते नाव उपयोगी पडले असावे. १८९५ मध्ये चतुःशृंगीच्या वाटेवर कॉलेजची दगडी मुख्य इमारत तयार झाली. तेव्हा हा भाग गावाबाहेरचा, भांबुर्ड्याच्या शेतांचा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लकडी पुलापलीकडे डेक्कन जिमखाना, एरंडवणे, प्रभात रोड अशी बंगल्यांची वसाहत उभी राहिली. तिच्या अवतीभवती भांडारकर प्राच्यविद्या संस्था (१९१७), विधी महाविद्यालय (१९२४), गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) यांच्या वास्तू आल्या. प्राध्यापकांनी जवळपास घरे बांधली, मागून सहकारी गृहरचना संस्था आल्या. पश्चिम पुण्याचा नकाशा नगररचनाकारांच्या आधी प्राचार्यांनी आखला, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे जुन्या वास्तूंचे मालक व काम दोन्ही बदलले. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले डेक्कन कॉलेज माजी विद्यार्थ्यांच्या न्यायालयीन लढ्यामुळे १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस सुमारे ४११ एकरांच्या आवारासह विद्यापीठाकडे आले. लाटसाहेबाच्या नाचगाण्याच्या दालनांचा उपयोग आता विद्यापीठाच्या समारंभांसाठी होऊ लागला. मुख्य इमारतीच्या जतनाचे मोठे काम विद्यापीठाने अलीकडच्या काळात करून घेतले. त्याच आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिआ यांनी रचली. काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये पायऱ्यांचे कुंड, आणि त्याभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे. जुन्या आवारात नवे बांधताना जुन्याची नक्कल करावी लागत नाही, हे दाखवणाऱ्या पुण्यातील थोड्या इमारतींपैकी ही एक.

वाढीला मोठे धक्के दोनदा बसले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांमधील शेकडो घरे पडली. पेठांतले लोक पर्वती, गोखलेनगर, सहकारनगरकडे गेले ते तेव्हा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. याचा परिणाम पुराहून लांब पल्ल्याचा ठरला. कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडीपासून पुढे नऱ्हे, आंबेगाव, लोहगाव, वाघोलीपर्यंत कॉलेजे पसरली. मान्यतेसाठी जागेच्या व बांधकामाच्या अटी होत्या, त्यामुळे इमारती भराभर उठल्या. वसतिगृहे मात्र मागे राहिली. बाहेरगावचा मुलगा कुठे राहणार, हा प्रश्न संस्थांनी बव्हंशी शहरावर सोडला.

शहराने त्याचे उत्तर ‘कॉट बेसिस’ने दिले. वाड्याच्या माडीवर, बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार-सहा खाटा टाकायच्या आणि भाडे खोलीचे न घेता खाटेचे घ्यायचे. जोडीला खाणावळ, म्हणजे मेस, आणि स्पर्धापरीक्षांची लाट आल्यावर अभ्यासिका. सदाशिव व नारायण पेठेत आज तळमजल्यावर पार्किंग, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आणि वर कॉट बेसिसच्या खोल्या अशी नवी इमारत पावलोपावली दिसते. तिच्या जागी बहुधा वाडा होता.

वाडे पडण्याची कारणे भावनेची नाहीत, हिशेबाची आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पुढे खोलीचे महिन्याचे भाडे चहाच्या कपाइतकेही उरले नाही, आणि त्यात कौले शाकारणे मालकाला परवडेना. वारस वाढत गेले, मिळकतपत्रिकेवर नावे वाढली, कोर्टात दावे पडले. भाडेकरू आपली खोली तेवढी सारवून घेई, पण सामाईक जिना व मोरी कोणाचीच नसे. पेठांतल्या बऱ्याच वाड्यांची बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. एक वाडा पाडला की शेजारच्या मातीच्या भिंतीवर आयुष्यात प्रथमच थेट पाऊस पडतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तीही फुगते. दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यांतल्या काहींचे मूळ कारण हे असते. अरुंद भूखंडावर नव्या नियमांप्रमाणे मोकळ्या जागा सोडून बांधायचे तर हाती फारसे उरत नाही. म्हणून लागून असलेले दोन-तीन वाडे एकत्र घेण्याकडे बिल्डरांचा कल असतो, आणि एकाऐवजी गल्लीचा एक सबंध तुकडा जातो.

वाड्याचा जीर्णोद्धार करायचा तर वाडा कसा उभा असतो हे आधी समजावे लागते. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे मोजमाप खणांतच सांगितले जाई. भार लाकडी सांगाडा घेतो. विटांची वा भेंड्यांची भिंत बरीचशी भरावाची असते. त्यामुळे भिंतीला तडा गेला म्हणून वाडा गेला, असे होत नाही. खरा धोका भिंतीत पुरलेल्या तुळईच्या टोकाला असतो. तेथे ओल साठते, वाळवी लागते आणि बाहेरून काही दिसत नाही. जाणता सुतार टेकू देऊन भार उचलतो, कुजलेले टोक कापतो आणि जुन्या सागवानाचा सांधा बसवतो. सगळी तुळई बदलावी लागतेच असे नाही. गिलाव्याला चुना हवा. चुना, वाळू व सुरखी घाणीत मळून त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची जुनी रीत आहे. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडते, मग क्षार फुलतात, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आतले लाकूड कुजते. पुण्यातल्या अनेक जुन्या इमारतींचे नुकसान दुर्लक्षाने झाले त्याहून अधिक अशा ‘पक्क्या’ दुरुस्तीने झाले आहे. ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी दरसूचीतले नेहमीचे काम सिमेंटचेच असते आणि चुना जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत.

महापालिकेच्या वारसा यादीत इमारतींची श्रेणी ठरवलेली असते. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला हात लावणे कठीण, तिसऱ्या श्रेणीच्या वास्तूत बरेच बदल चालतात. ही यादी पाडकाम रोखू शकते, दुरुस्तीचा पैसा देत नाही. संस्थेच्या मालकीच्या इमारतीला माजी विद्यार्थी, शासन, कंपन्यांचा सामाजिक निधी असे दाते सापडतात. सतरा वारसांच्या वाड्याला कोण देणार? बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे उदाहरण येथे बोलके आहे. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जेथे सुरू केली तो हा वाडा. ज्या सावित्रीबाईंचे नाव २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला दिले गेले, त्यांच्या कामाचे हे आरंभस्थान. मालक, दुकानांचे भाडेकरू आणि महापालिका यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघेपर्यंत वाडा दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला, आणि जागेवर राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले. स्मारक चांगले होईलही. पण ज्या भिंतींत शाळा भरली त्या गेल्या, आणि वादाची ती वर्षे वाड्याची निगा राखण्यात घालवता आली असती.

नव्या बांधकामाचेही दुखणे आता सुरू झाले आहे. १९६० ते १९९० च्या दरम्यान घाईने उठलेल्या काँक्रीटच्या इमारतींत सळया गंजून प्लास्टर सुटते, गच्च्या गळतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, आणि अहवाल आला की ‘रिडेव्हलपमेंट’चा प्रस्ताव येतो. एरंडवणे व कोथरूडमधील पहिल्या पिढीच्या सोसायट्या याच मार्गाने जात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी वर्गखोल्या मात्र वापरात आहेत. दुसरीकडे वाहतुकीने विद्यापीठाच्या वेशीपर्यंत धडक मारली आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो व नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडला गेला; तो बांधून पंधरा-सोळा वर्षेही झाली नव्हती. वेताळ टेकडीवरून नेऊ घातलेल्या रस्त्याला नागरिकांनी विरोध केला आहे. २०२१ च्या समावेशानंतर महापालिकेची हद्द सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाली, आणि नवी विद्यापीठे लवळे, वाघोली यांसारख्या कडेच्या गावांत वाढत आहेत.

डेक्कन कॉलेजात टिळकांची आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकरांची खोली जपून ठेवली आहे. दोन्ही खोल्या संस्थेच्या स्वतःच्या आवारातल्या आहेत, म्हणूनच त्या उरल्या. विद्यार्थ्यांना राहायला जागा देण्याची जबाबदारी तेव्हाच्या संस्थांनी घेतली होती. पुण्याला आज आणखी एका कॉलेजपेक्षा वसतिगृहांची निकड अधिक आहे. ती बांधली गेल्याशिवाय पेठांतल्या उरलेल्या वाड्यांवरचा भार कमी होणार नाही.