शामकजन्य गुंगीचे मापन

शामक औषधाने आलेल्या गुंगीची खोली ठरविताना दीर्घकाळ शरीराच्या बाह्य लक्षणांवरच भिस्त होती. जॉन स्नो यांनी १८४७ मध्ये ईथरच्या परिणामाच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. पुढे आर्थर गेडेल यांनी श्वसन, नेत्रगोलांची हालचाल इ. लक्षणांचा तक्ता केला. १९४२ मध्ये माँट्रिऑल येथे शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले गेले आणि ही लक्षणे बेभरवशाची ठरू लागली. स्नायू लुळे पडलेला रुग्ण जागा असला, तरी ते कळविण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही.

हान्स बेर्गर यांचे मानवी विद्युत् मस्तिष्कालेखन १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. बार्बिच्युरेटांच्या अल्प मात्रेने आलेखात प्रथम जलद तरंग उमटतात. मात्रा वाढताच ते मंद व उंच होतात आणि अखेरीस आलेख मधूनमधून सपाट होतो. अशा तरंगांवरून ० ते १०० असा अंक देणारा ‘बायस्पेक्ट्रल निर्देशांक’ अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाला. शस्त्रक्रियेसाठी ४० ते ६० ही मर्यादा योग्य मानतात. मात्र केटामिनाने शुद्ध हरपली, तरी हा अंक चढाच राहू शकतो. उलट बाजू अधिक गंभीर आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १० स्वयंसेवकांना शामक न देता केवळ स्नायुशिथिलक दिले, तेव्हा अनेक चाचण्यांत अंक ६० च्या खाली उतरला. ते पूर्ण जागे होते आणि पट्टा आवळून औषधापासून वेगळ्या ठेवलेल्या हाताने प्रश्नांना उत्तरे देत होते.